लॅपटॉपवर एमआरआय: ब्लॉख समीकरणापासून नॉइजमधला सिग्नल ओळखेपर्यंत

एमआरआय यंत्र दिवसभर रुग्णांसाठी लागतं, त्यामुळे शिकणाऱ्याला त्यावर मनसोक्त प्रयोग करायला मिळत नाहीत. नवा पल्स सिक्वेन्स (रेडिओलहरींच्या पल्स आणि चुंबकीय क्षेत्रातले बदल यांचा ठरलेला क्रम) असो, वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारं तारेचं वेटोळं) असो की प्रतिमा तयार करण्याची नवी रीत, आधी ते सगळं संगणकावर चालवून पाहावं लागतं. यातली खरी अडचण अशी, की चुकलेलं सिम्युलेशनसुद्धा देखणी प्रतिमा देतं. डोळ्यांना ते पटतं आणि चूक महिनोन्महिने लपून राहते. म्हणून या लेखात जवळजवळ प्रत्येक पायरीला कागदावर काढता येईल असा एक आकडा दिला आहे. तो जुळल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

साहित्य फार लागत नाही: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, पायथॉन, नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब. जीपीयूची गरज नाही. जेमरिस किंवा कोमा अशी सिम्युलेशनची तयार मुक्त साधनं आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण निदान एकदा तरी सगळं हाताने लिहावं. तयार साधनाने विचित्र उत्तर दिलं, तर ते का दिलं हे तेव्हाच कळतं.

पायरी १: एककं आणि मूळ आकडे

सगळं एसआय एककांत लिहा: सेकंद, मीटर, टेस्ला, हर्ट्झ. मिलिसेकंद आणि मिलिटेस्ला फक्त आलेखाच्या अक्षांवर येऊ द्या. प्रोटॉनचं गायरोमॅग्नेटिक गुणोत्तर (दर टेस्लाला फिरण्याचा वेग) ४२.५७७ मेगाहर्ट्झ प्रति टेस्ला. हाच आकडा रेडियनमध्ये २.६७५ गुणिले १० चा ८ वा घात होतो. या दोन रूपांची सरमिसळ झाली, की सगळे कोन ६.२८ पटींनी चुकतात. म्हणून एकच रूप निवडा आणि चलाच्या नावातच ते हर्ट्झमध्ये आहे की रेडियनमध्ये, हे लिहून ठेवा.

३ टेस्लाला लार्मर वारंवारिता, म्हणजे प्रोटॉन ज्या वेगाने क्षेत्राभोवती फिरतात ती, १२७.७ मेगाहर्ट्झ येते. शरीराच्या तापमानाला या क्षेत्रात दर १० लाख प्रोटॉनमागे क्षेत्राच्या दिशेने असलेल्यांचं आधिक्य जेमतेम १० चं असतं. सगळा सिग्नल या दहांमधून येतो. नॉइजला सिग्नलइतकंच जपून हाताळायचं ते यासाठी.

१२७.७ मेगाहर्ट्झचा एक फेरा ७.८ नॅनोसेकंदांत पूर्ण होतो. प्रयोगशाळेच्या स्थिर चौकटीत बसून गणित करायचं, तर वेळेची पायरी नॅनोसेकंदाहूनही लहान लागेल. त्यामुळे लार्मर वारंवारितेनेच फिरणाऱ्या चौकटीत काम करा. तिथे उरतो तो फक्त वारंवारितेतला फरक: क्षेत्राच्या असमानतेचे काही दहा हर्ट्झ, चरबीचे ३ टेस्लाला सुमारे ४४० हर्ट्झ, आणि ग्रेडियंटमुळे (जागेनुसार मुद्दाम बदलत नेलेल्या क्षेत्रामुळे) येणारे किलोहर्ट्झ.

टी१ म्हणजे क्षेत्राच्या दिशेचं (उभं) चुंबकन समतोलाकडे परतण्याचा काळ, टी२ म्हणजे त्याला काटकोनातलं (आडवं) चुंबकन विरण्याचा काळ. मेंदूच्या मॉडेलसाठी ३ टेस्लाला श्वेतद्रव्याचा टी१ ८५० ते १००० मिलिसेकंद आणि टी२ ७० ते ८० धरा. करड्या द्रव्याचा टी१ १३०० ते १८००. मेंदूभोवतीच्या द्रवाचा टी१ सुमारे ४ सेकंद. १.५ टेस्लाची मूल्यं इथे चालत नाहीत, कारण क्षेत्र वाढलं की टी१ वाढतो.

पायरी २: ब्लॉख समीकरण सोडवताना ऑयलर पद्धत टाळा

चुंबकन क्षेत्राभोवती कसं फिरतं आणि विरतं हे सांगणारं, फेलिक्स ब्लॉखने १९४६ साली मांडलेलं हे समीकरण दिसायला सोपं आहे, म्हणून पुष्कळजण थेट ऑयलर पद्धतीने सोडवायला घेतात: बदलाचा दर गुणिले वेळेची पायरी, आणि ते जुन्या मूल्यात मिळवायचं. ही पद्धत वर्तुळावर फिरणाऱ्या सदिशाला दर पायरीला स्पर्शरेषेवरून थोडं बाहेर ढकलते.

समजा वारंवारितेतला फरक १०० हर्ट्झ आहे, पायरी १० मायक्रोसेकंदांची आहे आणि टी२ ८० मिलिसेकंद आहे. १०० मिलिसेकंदांनंतर आडवं चुंबकन मूळच्या २८.७ टक्के उरायला हवं. ऑयलर पद्धत ३४.९ टक्के देते. आलेखात घसरण सुंदर गुळगुळीत दिसते, पण त्यातून टी२ काढलात तर ८० ऐवजी ९५ येतो.

उपाय सोपा आहे. फिरणं आणि शिथिलन (टी१, टी२ प्रमाणे समतोलाकडे परतणं) या दोन क्रियांची अचूक उत्तरं आपल्याला माहीत आहेत, तर त्या आलटून पालटून करायच्या. आरएफ (रेडिओलहरींची) पल्स चालू नसताना आडव्या चुंबकनाचा एक संमिश्र (कॉम्प्लेक्स) आकडा धरा. त्याला टी२ च्या घातांकी घटीने आणि वारंवारितेच्या कलेने (फेजने) गुणा. उभं चुंबकन टी१ प्रमाणे समतोल मूल्याकडे न्या. हे उत्तर अचूक असल्याने पायरी १० मायक्रोसेकंदांची असो की १० मिलिसेकंदांची, फरक पडत नाही.

पल्स चालू असताना त्या क्षणीच्या परिणामी क्षेत्राचा अक्ष काढा आणि रॉड्रिग्जच्या सूत्राने सदिश त्याभोवती फिरवा. क्रम ठेवा तो असा: अर्ध्या पायरीचं शिथिलन, पूर्ण फिरणं, पुन्हा अर्ध्या पायरीचं शिथिलन. अशा सममित मांडणीत पायरी निम्मी केली की चूक एक चतुर्थांश होते, आणि हीच तिची चाचणीसुद्धा आहे.

फिरण्याची दिशा सगळीकडे एकच ठेवा. पल्समध्ये घड्याळाच्या दिशेने आणि मोकळ्या फिरण्यात उलट असं झालं, तर निवडलेला स्लाइस (शरीराचा पातळ काप) केंद्राच्या दुसऱ्या बाजूला सरकतो. वस्तू सममित असेल तर ते लक्षातही येत नाही. म्हणून चाचणीची वस्तू नेहमी असममित घ्या.

इथे तीन आकडे तपासा. १ मिलिसेकंदाची चौकोनी पल्स ५.८७ मायक्रोटेस्लाची असेल, तर ती नेमकी ९० अंश फिरवते. १८० अंशांच्या पल्सनंतर उभं चुंबकन टी१ गुणिले ०.६९३ या वेळी शून्यातून जातं. टी१ १००० असेल तर ६९३ मिलिसेकंदांना. आणि ५० हर्ट्झ इकडेतिकडे पसरलेले २०० स्पिनगट (एकत्र फिरणाऱ्या प्रोटॉनचे गट) घेऊन स्पिन एको (९० अंशांनंतर १८० अंशांची पल्स देऊन कला पुन्हा जुळवणं) चालवला, तर एको वेळ ६० आणि टी२ ८० असताना एकोची उंची ०.४७२ यायला हवी, मग पसारा कितीही असो.

पायरी ३: एका व्हॉक्सेलमध्ये किती स्पिनगट?

सर्वांत जास्त सिम्युलेशनं इथे बिघडतात, म्हणून जरा थांबू.

खऱ्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या एका छोट्या घनकणात, अगणित प्रोटॉन असतात. ग्रेडियंट लावला की त्यांच्या कला पसरतात आणि एकत्रित सिग्नल नाहीसा होतो. आपण मात्र त्यांच्या जागी मोजके स्पिनगट, म्हणजे आयसोक्रोमॅट, समान अंतरावर मांडतो. ग्रेडियंटखाली त्यांच्याही कला पसरतात. पण शेजारच्या दोन गटांमधला कलाफरक पूर्ण एक फेरा झाला, की सगळे पुन्हा एका रेषेत येतात आणि निसर्गात नसलेला एको उभा राहतो.

१ मिलिमीटरचा व्हॉक्सेल घ्या, त्यात १० गट, म्हणजे ०.१ मिलिमीटर अंतर. १० मिलिटेस्ला प्रति मीटरच्या ग्रेडियंटखाली शेजाऱ्यांमधला फरक ४२.६ हर्ट्झ होतो. म्हणजे बरोबर २३.५ मिलिसेकंदांनी खोटा एको येणार. तो खऱ्या एकोइतकाच टोकदार असतो, त्यामुळे त्याला फिजिक्स समजून त्याचा अर्थ लावण्याची चूक सहज होते. खोटा एको ओळखायची खूण अशी: गटांची संख्या दुप्पट करा. खरा एको जागेवर राहतो, खोटा दुप्पट वेळेवर सरकतो.

स्पॉयलर ग्रेडियंट (उरलेलं आडवं चुंबकन पसरवून टाकणारे) असतील तर हिशेब आणखी कडक होतो. ३० मिलिटेस्ला प्रति मीटरचा ३ मिलिसेकंदांचा एक स्पॉयलर वरच्याच मांडणीत शेजाऱ्यांमध्ये ०.३८ फेरा टाकतो. तिसऱ्या स्पॉयलरला बेरीज एक फेरा ओलांडते. जलद ग्रेडियंट एकोसारख्या सिक्वेन्समध्ये असे शेकडो स्पॉयलर येतात, म्हणून तिथे वेगळी युक्ती करा. दर आवर्तनाला (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंत) व्हॉक्सेलभर नेमका एक फेरा पडेल असं धरा आणि गट ० ते ३६० अंशांत समान वाटा. मग खोटं जुळणं गटसंख्येइतक्या आवर्तनांनंतरच येतं. आवर्तन वेळ १० आणि टी२ ८० मिलिसेकंद असेल, तर पाच टी२ म्हणजे ४० आवर्तनांत जुनं आडवं चुंबकन संपलेलं असतं. तेव्हा १०० गट पुरतात.

याची चाचणी अशी. आवर्तन १० मिलिसेकंद, टी१ १००० मिलिसेकंद. अर्न्स्ट कोन (जास्तीत जास्त सिग्नल देणारा पल्सचा कोन) ८.१ अंश येतो आणि स्थिर अवस्थेतलं आडवं चुंबकन पल्सनंतर लगेच समतोल मूल्याच्या ७.०७ टक्के. आधी प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आडवं चुंबकन कोडमध्ये सरळ शून्य करा, ७.०७ तंतोतंत यायला हवं. स्थिर अवस्था गाठायला ३०० पल्स द्या, तेव्हा फरक पाव टक्क्यावर येतो. ५० पल्सवर थांबून आकडा जुळत नाही म्हणून कोड खणत बसू नका.

मग शून्य करणं काढून टाका आणि खरे स्पॉयलर लावा. आता उत्तर सूत्रापासून दूर जाईल, कारण नुसता ग्रेडियंट जुनं आडवं चुंबकन मारत नाही, पसरवतो फक्त. पुढच्या पल्स त्यातला काही भाग पुन्हा गोळा करतात. त्यासाठी पल्सची कलाही दर वेळी बदलावी लागते: पहिल्या वेळी ११७ अंश, मग त्यात दोनदा ११७, मग तीनदा ११७, अशी वाढती बेरीज. सिग्नल घेताना रिसीव्हरची कलाही तितकीच वळवायची. हे विसरलात तर प्रत्येक ओळीची कला भलतीच निघते आणि प्रतिमेचा चिखल होतो. हे सगळं करूनही सूत्राशी थोडा फरक उरतो, विशेषतः लांब टी२ आणि मोठ्या कोनाला. तो फरक खरा आहे, तो घालवायचा प्रयत्न करू नका.

पायरी ४: स्लाइस निवडणारी पल्स

३ मिलिसेकंदांची सिंक (sin x / x आकाराची) पल्स घ्या, काल आणि पट्टीरुंदी (बँडविड्थ) यांचा गुणाकार ४, म्हणजे पट्टीरुंदी १३३३ हर्ट्झ. ५ मिलिमीटरच्या स्लाइसला ६.२६ मिलिटेस्ला प्रति मीटर ग्रेडियंट लागतो. कडांवरचा लाटांचा त्रास कमी करायला पल्स हॅनिंग खिडकीने गुणा. गुणल्यावर तिची बेरीज पुन्हा ९० अंशांवर आणायची, हे पुष्कळांकडून राहून जातं.

पल्सनंतर त्याच ताकदीचा उलटा ग्रेडियंट १.५ मिलिसेकंद द्या. तो राहिला तर स्लाइसच्या जाडीभर दोन पूर्ण फेऱ्यांइतकी कला पसरलेली राहते आणि सिग्नल जवळपास शून्य येतो. अशा वेळी पल्सवर शंका घेण्याआधी हा ग्रेडियंट पाहा.

पायरी ५: के-स्पेस भरणं

के-स्पेस म्हणजे मोजलेल्या सिग्नलची जाळी; तिचं उलट फूरिये रूपांतर केलं की प्रतिमा मिळते. दृश्यक्षेत्र २४० मिलिमीटर, २५६ गुणिले २५६ बिंदू, एकूण पट्टीरुंदी १२५ किलोहर्ट्झ असं धरू. मग नमुन्यांमधलं अंतर ८ मायक्रोसेकंद, एका ओळीला २.०४८ मिलिसेकंद, आणि वाचनाचा ग्रेडियंट १२.२ मिलिटेस्ला प्रति मीटर. एका पिक्सेलला ४८८ हर्ट्झ मिळतात, म्हणून ३ टेस्लाला चरबी ०.९ पिक्सेल सरकते.

मूळ वस्तू आणि प्रतिमा एकाच जाळीवर मांडू नका. पिक्सेलच्या मधोमध एकेक बिंदू ठेवून के-स्पेस काढला आणि उलट फूरिये केलं, तर मूळ आकडे जसेच्या तसे परत येतात. कडा सुरीने कापल्यासारख्या दिसतात आणि गिब्जच्या लाटा (कडांलगत उमटणाऱ्या पट्ट्या) दिसतच नाहीत. ही प्रतिमा खोटी आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये निदान ३ गुणिले ३ उपबिंदू घ्या. किंवा लंबवर्तुळांचा शेप-लोगन फँटम (डोक्याची ठरीव नमुना-आकृती) वापरा. त्याचा फूरिये बेसेल फलनांनी अचूक लिहिता येतो.

९ उपबिंदू घेतले की ५,८९,८२४ बिंदू होतात. प्रत्येक नमुन्यासाठी प्रत्येक बिंदूची कला वेगळी काढायची म्हटली तर ३,८०० कोटींहून अधिक गणितं. पण आडव्या आणि उभ्या दिशेच्या कला स्वतंत्र असतात, म्हणून हे काम दोन मॅट्रिक्स गुणाकारांत बसतं: २५६ गुणिले ७६८, मधे ७६८ गुणिले ७६८ ची वस्तू, पुढे ७६८ गुणिले २५६. लॅपटॉपवर हे झटक्यात होतं. फक्त क्षेत्राची असमानता किंवा वाचनादरम्यानचा क्षय मॉडेलमध्ये आणला की हा सोपा मार्ग बंद होतो आणि लांबचा रस्ता धरावा लागतो.

पायरी ६: कॉइल आणि नॉइज

कॉइलला किती सिग्नल मिळेल हे व्यस्त न्यायाने काढतात: कॉइलमध्ये १ अँपिअर प्रवाह सोडला तर त्या जागी किती आडवं क्षेत्र तयार होईल, तितकी तिची संवेदनशीलता. ६ सेंटिमीटर त्रिज्येचा वेटोळा ३६ ते ७२ सरळ तुकड्यांत मोडा, बायो-सावार्टच्या (प्रवाहावरून क्षेत्र देणाऱ्या) नियमाने क्षेत्र काढा, आणि आडव्या दोन घटकांचा संमिश्र आकडा बनवा. हे स्थिर क्षेत्राचं गणित १.५ टेस्लाच्या डोक्याला चालतं. ३ टेस्लाला पाणीदार ऊतीतली तरंगलांबी २६ ते ३० सेंटिमीटरांवर येते, तेव्हा पोटाच्या मॉडेलला ते पुरत नाही.

नॉइज येतो तो शरीर आणि तांब्याच्या औष्णिक हालचालीतून. १० ओहम परिणामी रोध, ३१० केल्व्हिन आणि १२५ किलोहर्ट्झ पट्टीरुंदी धरली तर व्होल्टेज ०.१५ मायक्रोव्होल्टच्या आसपास. प्रीॲम्प्लिफायरचा नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेली नॉइजची भर) ०.५ डेसिबल असेल तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ६ टक्के घटतं. त्याच्या आधी ३ डेसिबल गिळणारी केबल आली तर आणखी २९ टक्के. प्रीॲम्प्लिफायर कॉइलवरच बसवतात तो याचमुळे.

कोडमध्ये नॉइज के-स्पेसमध्ये मिळवा, वास्तव आणि काल्पनिक दोन्ही भागांत स्वतंत्रपणे, दोन्हींना तेच प्रमाण विचलन सिग्मा. तयार प्रतिमेच्या निरपेक्ष मूल्यावर गॉसियन नॉइज शिंपडू नका, त्याने पुढची सगळी सांख्यिकी चुकते. पट्टीरुंदी १२५ वरून ३१.२५ किलोहर्ट्झ केली की सिग्मा निम्मा होतो. मात्र वाचन चौपट लांबतं आणि चरबी ३.६ पिक्सेल सरकते.

नमपायच्या नेहमीच्या उलट फूरियेत २५६ गुणिले २५६ ला सिग्मा २५६ ने भागला जातो. 'ऑर्थो' पर्याय दिला तर तो बदलत नाही. रिकाम्या के-स्पेसमध्ये सिग्मा १ चा नॉइज टाकून 'ऑर्थो'ने मिळालेल्या प्रतिमेच्या वास्तव भागातलं विचलन मोजा, १.०० आलं तर पुढे चला.

अनेक कॉइल असतील तर त्यांचा नॉइज एकमेकांशी निगडित असतो. सहप्रसरण मॅट्रिक्सचा (कोणत्या दोन कॉइलचा नॉइज किती निगडित, ते सांगणाऱ्या सारणीचा) चोलेस्की घटक काढून त्याने स्वतंत्र नॉइज गुणा. प्रतिमा जोडण्याआधी त्याच घटकाच्या व्यस्ताने डेटा धुऊन घ्या, म्हणजे नॉइज पुन्हा स्वतंत्र होतो.

पायरी ७: सिग्नल आहे की नाही, हे ठरवणं

निरपेक्ष मूल्य घेतलं की नॉइज कधीच शून्यावर येत नाही. रिकाम्या हवेतल्या पिक्सेलची सरासरी १.२५३ सिग्मा आणि विचलन ०.६५५ सिग्मा असतं. म्हणून पार्श्वभूमीचं विचलन मोजून त्याला ०.६५५ ने भागलं तर खरा सिग्मा मिळतो. खरा सिग्नल १ सिग्मा असेल तर सरासरीत तो १.५५ सिग्मा दिसतो. ३ सिग्माला जादा भाग सुमारे ६ टक्क्यांवर येतो आणि पुढे झपाट्याने घटतो. ८ कॉइलचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं तर रिकाम्या जागेची सरासरी थेट ३.९४ सिग्मा होते. तिथे एका कॉइलचा १.२५३ हा आकडा वापरणं साफ चूक.

टी२ मोजताना नॉइजचा हा तळ सर्वांत जास्त फसवतो. सुरुवातीचा सिग्नल २० सिग्मा, टी२ ८०, शेवटचा एको ३२० मिलिसेकंदांना. तिथे खरा सिग्नल ०.३७ सिग्मा उरला आहे, पण मोजमापात १.३० सिग्मा येतो, म्हणजे साडेतीन पट. साधा घातांकी वक्र बसवला की टी२ लांब निघतो आणि निरोगी ऊतीतही बिघाड भासतो. ३ सिग्माखालचे बिंदू सोडा, किंवा राइस वितरणाचा (निरपेक्ष मूल्यातल्या सिग्नल-अधिक-नॉइजच्या वितरणाचा) संभाव्यता-वक्र बसवा.

अधिक सरासरी घेऊन हा तळ खाली जाईल असं वाटतं. निरपेक्ष मूल्यांच्या १०० प्रतिमांची सरासरी घेतली तरी तळ १.२५३ सिग्मावरच राहतो, फक्त त्यावरची खरखर कमी होते. आधी संमिश्र आकड्यांची सरासरी आणि मग निरपेक्ष मूल्य, असं केलं तर तळ ०.१२५ सिग्मावर येतो. डेटा तोच, क्रम बदलला, आणि तळाला दहापट फरक.

उंबरठा ठरवताना पिक्सेलांची संख्या विसरू नका. एका कॉइलच्या प्रतिमेत ३.७२ सिग्माला चुकून पार होण्याची शक्यता हजारात एक. ऐकायला बरं वाटतं, पण ६५,५३६ पिक्सेलांत ती सुमारे ६५ खोटे ठिपके देते. १० लाखांत एक हवा असेल तर उंबरठा ५.२६ सिग्मा. अल्बर्ट रोजने १९४८ साली डोळ्याला खात्रीने दिसण्यासाठी सांगितलेली मर्यादा ५ च्या आसपासच आहे.

शेवटी पूर्ण साखळीची परीक्षा. सिग्नल भरपूर असलेल्या भागात ३ गुणिले ३ पिक्सेलांचा डाग ठेवा, त्याचा उठाव दर पिक्सेलला १ सिग्मा. डाग असलेल्या ५०० आणि नसलेल्या ५०० प्रतिमा बनवा, प्रत्येकीला ताजा नॉइज. नऊ पिक्सेलांची बेरीज हाच निकष धरून आरओसी वक्र (खरे शोध विरुद्ध खोटे इशारे) काढा. नऊ स्वतंत्र पिक्सेलांत विभाजन ३ सिग्मा होतं, म्हणून वक्राखालचं क्षेत्रफळ ०.९८ यायला हवं. ते ०.९० च्या आसपास अडकलं तर बहुधा के-स्पेसला शून्यांची झालर लावून प्रतिमा फुगवलेली असते आणि शेजारचे पिक्सेल स्वतंत्र उरलेले नसतात. थेट १ आलं तर यादृच्छिक आकड्यांचं बीज तपासा, प्रत्येक प्रतिमेला तोच नॉइज मिळत असेल.